बिबट्याच्या शेजाराला स्वयंसेवकांचा आधार
संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात स्वयंसेवक नेमके काय करतात, कायदा त्यांना काय करू देतो आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या, याचा आढावा

बोरिवली स्थानकाच्या पूर्वेला बाहेर पडून पश्चिम द्रुतगती महामार्ग ओलांडला की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार लागते. भल्या पहाटे येथे फेरफटका मारणाऱ्या ज्येष्ठांची गर्दी असते, सुट्टीच्या दिवशी शाळांच्या सहली येतात, कान्हेरीला जाणारे भाविक आणि अभ्यासक येतात. वर्षाकाठी लाखो माणसे या दरवाजातून आत जातात. त्याच जंगलात सूर्य मावळल्यावर बिबटे फिरू लागतात आणि कुंपणापलीकडच्या वस्त्यांच्या कडेकडेने कुत्र्यांच्या मागावर जातात. सव्वा कोटीच्या महानगराच्या मध्यभागी असे जंगल टिकून राहणे हे वनखात्याच्या एकट्याच्या बळावर शक्य नाही. त्यामुळे या उद्यानाला गेली अनेक वर्षे स्वयंसेवकांचा हातभार लागत आला आहे.

स्वयंसेवक म्हटले की वृक्षारोपण आणि प्लास्टिक गोळा करणे एवढेच चित्र सामान्यतः डोळ्यांसमोर येते. ही कामे आवश्यक आहेतच. मात्र या उद्यानाच्या बाबतीत स्वयंसेवकांचे सर्वांत मोलाचे काम जंगलाच्या आत झालेले नाही, ते जंगलाच्या सीमेवर, माणसांच्या वस्त्यांमध्ये झाले आहे.

उद्यान दृष्टिक्षेपात

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर मुंबई उपनगर आणि ठाणे या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. पश्चिमेला मालाड, कांदिवली, बोरिवली, दहिसर, पूर्वेला भांडुप, मुलुंड आणि ठाणे, दक्षिणेला आरे दुग्ध वसाहत व चित्रनगरी अशी त्याची चतुःसीमा आहे. उत्तरेकडील नागला विभाग घोडबंदरच्या पलीकडे, वसईच्या खाडीला लागून असून त्यापुढे तुंगारेश्वरचे जंगल सुरू होते.

मुंबईला पाणी पुरवणारे विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे दोन तलाव याच हद्दीत आहेत. दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी या मुंबईच्या नद्यांचा उगम याच डोंगररांगांत होतो. शंभराहून अधिक लेणी असलेली कान्हेरी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. बिबट्या, चितळ, सांबर, भेकर, वानर, उदमांजर हे प्राणी, अडीचशेहून अधिक जातींचे पक्षी आणि फुलपाखरांच्या दीडशेहून अधिक जाती येथे नोंदल्या गेल्या आहेत. उद्यानात आणि लगतच्या आरे परिसरात वारली व अन्य आदिवासींचे पाडे पिढ्यान्पिढ्या आहेत.

उद्यानावर अतिक्रमणांचे ओझेही मोठे होते. 'बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप' या संस्थेने १९९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली आणि १९९७ मध्ये न्यायालयाने अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. एका नागरी संस्थेच्या पाठपुराव्यामुळे उद्यानाच्या इतिहासाला वळण मिळाले, हे येथे नमूद करावे लागेल. त्याच वेळी हेही विसरता येणार नाही की या आदेशामुळे हजारो गरीब कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर गेले आणि त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे रेंगाळला. उद्यानाच्या सीमेवरील वस्त्यांत वनखात्याविषयी जो अविश्वास होता, त्याचे एक मूळ येथे आहे. पुढे याच वस्त्यांत स्वयंसेवकांना काम करावयाचे होते.

स्वयंसेवक आणि कायदा

राष्ट्रीय उद्यान ही सार्वजनिक बाग नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात प्रवेशासाठी परवानगी लागते. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन आणि तेथील रहिवाशांशी कायदेशीर व्यवहार अशा ठरावीक कारणांसाठीच ती देता येते. प्रवेशद्वारावर तिकीट काढणारा पर्यटक या परवानगीवरच आत जातो, मात्र ती ठरलेल्या रस्त्यांपुरती आणि ठरलेल्या वेळेपुरती असते.

कायद्यात 'मानद वन्यजीव रक्षक' या पदाची तरतूद आहे. राज्य शासन त्यावर नियुक्ती करते. सर्वसामान्य स्वयंसेवकाला मात्र असे कोणतेही अधिकार नसतात. तो कोणाला अडवू शकत नाही, झडती घेऊ शकत नाही, दंड करू शकत नाही. त्याला जे काही करावयाचे ते वनरक्षक, वनपाल किंवा वनक्षेत्रपाल यांच्या देखरेखीखाली करावे लागते.

आणखी एक तरतूद अनेक उत्साही तरुणांना ठाऊक नसते. या अधिनियमातील 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत प्राण्याला ठार मारणे तर येतेच, पण त्याला पकडणे किंवा सापळ्यात अडकवणे हेही येते. त्यामुळे परवानगीवाचून साप पकडणारा 'सर्पमित्र' किंवा बिबट्याचे पिल्लू उचलून घरी आणणारा प्राणिप्रेमी, हेतू कितीही चांगला असला तरी कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. उसाच्या फडात किंवा झुडपात सापडलेली पिल्ले बहुधा पोरकी नसतात, मादी जवळपास असते. ती जागच्या जागी ठेवून वनखात्याला कळविणे हेच योग्य ठरते.

२००४ चा धडा

स्वयंसेवकांचे काम वस्त्यांकडे का वळले, हे समजून घेण्यासाठी २००४ या वर्षाकडे जावे लागते. त्या वर्षी उद्यानाच्या आसपास बिबट्यांच्या हल्ल्यांत दहाहून अधिक माणसांचा बळी गेला. त्यांत लहान मुले मोठ्या संख्येने होती. शहरात घबराट पसरली. ठिकठिकाणी पिंजरे लावण्यात आले, बिबटे पकडण्यात आले, बिबट्यांना मुंबईतून कायमचे हलवावे अशी मागणी झाली.

बिबट्या दिसला की पिंजरा लावायचा, पकडायचा आणि दूरच्या जंगलात सोडून द्यायचा, हा त्या काळी राज्यभर रूढ झालेला उपाय होता. पुणे जिल्ह्यातील जुन्नर परिसरात ऊसपट्ट्यातील बिबट्यांबाबत तो मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील नोंदींचा अभ्यास केला, तेव्हा वेगळेच चित्र समोर आले. १९९३ ते २००१ या काळात जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत असत, स्थलांतराची मोहीम सुरू झाल्यानंतर ही सरासरी १७ वर गेली. हा अभ्यास २०११ मध्ये 'कॉन्झर्वेशन बायॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

याची कारणमीमांसा अशी केली जाते. बिबट्या हा आपला प्रदेश ठरवून राहणारा प्राणी आहे. त्याला अनोळखी मुलुखात सोडले की तो परतीचा मार्ग शोधू लागतो, वाटेत अपरिचित वस्त्यांतून जातो आणि पिंजऱ्याच्या, गर्दीच्या अनुभवाने बिथरलेलाही असतो. इकडे त्याची रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो. म्हणजे मूळ ठिकाणचा प्रश्न सुटत नाही आणि नव्या ठिकाणी नवा निर्माण होतो. बाहेर पकडलेले बिबटे संजय गांधी उद्यानातही सोडले गेले होते. त्यामुळे २००४ मधील हल्ल्यांचा संबंध या पद्धतीशी असावा, असे अभ्यासकांचे मत आहे.

बिबट्या किती दूरवर जातो याचे उदाहरण 'आजोबा' या नावाने प्रसिद्ध झालेल्या नराने घालून दिले. २००९ मध्ये तत्कालीन अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील एका विहिरीतून त्याला बाहेर काढण्यात आले, गळ्यात पट्टा बसवून माळशेज घाटात सोडण्यात आले आणि तेथून सुमारे १२० किलोमीटरचे अंतर कापून तो संजय गांधी उद्यानाच्या परिसरात पोहोचला. २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्याचा अंत झाला. त्याच्यावर २०१४ मध्ये याच नावाचा मराठी चित्रपटही आला.

वनखाते, अभ्यासक आणि नागरिक एकत्र

या पार्श्वभूमीवर २०११ मध्ये उद्यानाचे तत्कालीन संचालक सुनील लिमये यांच्या पुढाकाराने आणि विद्या अत्रेय यांच्या सहकार्याने 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू झाला. वनखाते, संशोधक, पोलीस, महापालिका, पत्रकार आणि स्वयंसेवक यांना एका सूत्रात आणणे हा त्यामागचा विचार होता. उद्यानाच्या भोवताली किती बिबटे आहेत, ते काय खातात, हल्ले कुठे आणि केव्हा झाले याची माहिती गोळा करणे, बचाव पथकांना प्रशिक्षण देणे आणि लोकांशी बोलणे अशी त्याची अंगे होती.

यातील शेवटचे अंग प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या वाट्याला आले. उद्यानाच्या सीमेवरील गृहसंस्था, झोपडपट्ट्या, पाडे, शाळा आणि पोलीस ठाणी येथे जाऊन त्यांनी बैठका घेतल्या, चित्रे दाखवली, शंकांना उत्तरे दिली. सांगावयाची गोष्ट तशी साधी होती. बिबट्या दिसला म्हणजे हल्ला होणार असे नव्हे. पण उघड्यावर कचरा साचला की कुत्री आणि डुकरे वाढतात आणि त्यांच्या मागोमाग बिबट्या वस्तीजवळ येतो. अंधारात एकट्याने बाहेर गेलेले किंवा उघड्यावर शौचास बसलेले मूल उंचीने लहान दिसते आणि धोक्यात येते. म्हणून कचरा वेळच्या वेळी उचलला जावा, रस्त्यावर दिवे असावेत, शौचालये घराजवळ असावीत आणि तिन्हीसांजेनंतर मुलांना एकटे सोडू नये.

या यादीकडे पाहिले तर त्यातील बहुतेक कामे वनखात्याची नाहीत, ती महापालिकेची आहेत. बिबट्याचा प्रश्न हा कचऱ्याचा, दिव्यांचा आणि शौचालयांचा प्रश्न आहे, ही जाणीव नागरिकांत आणि प्रशासनात रुजविणे हे या उपक्रमाचे महत्त्वाचे फलित मानले जाते. उंच इमारतीच्या गच्चीतून बिबट्या पाहणारा रहिवासी आणि शौचालयासाठी रात्री बाहेर जावे लागणारी पाड्यातील स्त्री यांना असलेला धोका सारखा नसतो, हेही त्यातून पुढे आले. तक्रारीचे दूरध्वनी अनेकदा पहिल्याकडून येतात, जीव मात्र दुसरीच्या घरातला जातो.

गर्दीला आवरण्याचे काम

वस्तीत बिबट्या अडकल्यावर जे घडते त्यात सर्वांत मोठा धोका जमावापासून असतो. घाबरलेल्या प्राण्याला पळायला वाट मिळत नाही, लोक दगड मारतात, भ्रमणध्वनीवर चित्रीकरण करण्यासाठी पुढे सरसावतात आणि मग माणसे जखमी होतात. भुलीचे इंजेक्शन दिल्यावरही प्राणी बेशुद्ध व्हायला काही मिनिटे जातात आणि तोवर तो अधिकच बिथरलेला असतो.

अशा वेळी स्वयंसेवकाने बिबट्याच्या जवळ जाऊ नये, तर पोलिसांना जमाव मागे हटविण्यास मदत करावी, आजूबाजूच्या घरांची दारे बंद करून घ्यावीत, रहिवाशांना शांत राहण्यास सांगावे आणि पथक येईपर्यंत प्राण्याला निघून जाण्यासाठी एक वाट मोकळी ठेवावी, असे प्रशिक्षणात सांगितले जाते. कित्येकदा अंधार पडल्यावर बिबट्या आपोआप निघून जातो.

बातमीतले शब्द

उपक्रमाचा एक भाग पत्रकारांसाठी घेतलेल्या कार्यशाळांचा होता. 'नरभक्षकाचा धुमाकूळ', 'बिबट्याची शहरात घुसखोरी' अशा मथळ्यांनी भीती वाढते, भीतीतून पिंजऱ्याची मागणी येते आणि त्या दबावाखाली चुकीचा बिबट्या पकडला जाण्याची शक्यता असते, हे तेथे मांडले गेले. केवळ दिसलेल्या बिबट्याची बातमी आणि हल्ल्याची बातमी यांत फरक करावा, स्थानिकांनी काय काळजी घ्यावी हे बातमीत द्यावे, अशी अपेक्षा व्यक्त झाली.

या कार्यशाळांचा परिणाम झाला का, याचा अभ्यास 'जर्नल ऑफ अर्बन इकॉलॉजी' या नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कार्यशाळांनंतर मुंबईतील वृत्तपत्रांच्या बिबट्याविषयक लिखाणाचा सूर भीतीकडून समजुतीकडे झुकला, असा त्याचा निष्कर्ष होता. २०११ नंतरच्या काही वर्षांत उद्यानाभोवतीच्या हल्ल्यांतही घट झाली. तिचे श्रेय एकट्या जनजागृतीला देता येणार नाही. बाहेरचे बिबटे येथे आणून सोडणे बंद होणे हेही तितकेच महत्त्वाचे कारण असू शकते.

पाणवठ्यावरील रात्रीपासून कॅमेऱ्यापर्यंत

महाराष्ट्रातील अनेक निसर्गप्रेमींचा जंगलाशी पहिला परिचय बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरील मचाणावर बसून झाला. चांदण्यात पाण्यावर येणारे प्राणी मोजण्याची ही पद्धत वर्षानुवर्षे चालली. तथापि, एकच प्राणी दोन पाणवठ्यांवर येऊ शकतो आणि एखादा त्या रात्री मुळीच येत नाही, म्हणून त्या आकड्यांना शास्त्रीय आधार नव्हता. देशपातळीवर २००६ पासून व्याघ्रगणनेसाठी ठरावीक रेषेवरून चालत नोंदी घेणे आणि स्वयंचलित कॅमेरे या पद्धतींचा अवलंब झाला. पौर्णिमेची रात्र आता मेळघाट, ताडोबा आदी ठिकाणी 'निसर्गानुभव' म्हणून नागरिकांसाठी ठेवली जाते. तिच्यामागे गणनेपेक्षा लोकशिक्षणाचा हेतू आहे.

संजय गांधी उद्यानात बिबट्यांची मोजणी कॅमेऱ्यांनी होते. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना गुडघ्याच्या उंचीवर समोरासमोर कॅमेरे बांधले जातात. बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, शिवाय डाव्या आणि उजव्या कुशीवरची नक्षीही सारखी नसते, म्हणून दोन्ही बाजूंची छायाचित्रे आवश्यक ठरतात. छायाचित्रांची ही जुळणी करणे हे चिकाटीचे काम आहे.

उद्यान व लगतच्या आरे परिसरात २०१५ मध्ये निकित सुर्वे यांच्या अभ्यासात ३५ बिबटे आढळले, २०१८ मध्ये ही संख्या ४७ होती. जगात बिबट्यांची इतकी दाट वस्ती फार थोड्या ठिकाणी नोंदली गेली आहे. येथील बिबट्यांच्या आहारात पाळीव व भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात हे बिबटे वर्षाला सुमारे १५०० कुत्री खात असावेत असा अंदाज करण्यात आला आणि कुत्र्यांच्या चाव्यांचे प्रमाण त्यामुळे कमी राहते, असे प्रतिपादन करण्यात आले.

पर्यटकांमधील काम

उद्यानातील निसर्ग माहिती केंद्रातर्फे निसर्गफेऱ्या आयोजित केल्या जातात. शिलोंडा, कान्हेरी अशा वाटांवर जाणकारांबरोबर लहान गट नेले जातात. पक्षी, फुलपाखरे, कोळी, रानफुले असे विषय ऋतुमानाप्रमाणे बदलतात. गटाची संख्या मर्यादित ठेवणे, पायवाट सोडू न देणे, मागे राहिलेल्यांना सांभाळून आणणे आणि प्रश्नांना उत्तरे देणे ही कामे अशा फेऱ्यांमध्ये अनुभवी स्वयंसेवक पार पाडू शकतात. गोरेगाव येथे उद्यानाच्या सीमेलगत 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'चे निसर्ग शिक्षण केंद्र असून तेथेही असे कार्यक्रम होतात.

कारवीच्या बहराच्या वर्षी हे काम वाढते. सात वर्षे केवळ पाने धरणारी कारवी आठव्या वर्षी एकदम फुलते आणि बी धरून मरून जाते. मुंबई परिसरात हा बहर २००८, २०१६ आणि २०२४ या वर्षी आला. जांभळ्या फुलांनी भरलेले डोंगर पाहायला गर्दी लोटते. फुले तोडली किंवा झुडपे तुडवली तर त्या झाडाचा एकमेव बीजप्रसंग वाया जातो, हे समजावून सांगणारा माणूस जागेवर असणे आवश्यक ठरते.

महाशिवरात्रीला कान्हेरी परिसरात होणारी मोठी गर्दी हा असाच एक प्रसंग. अशा दिवशी प्लास्टिकच्या पिशव्या प्रवेशद्वारापाशीच काढून घेणे हे नंतर जंगलातून वेचण्यापेक्षा सोपे असते. खाद्यपदार्थांचा वास लागलेले प्लास्टिक हरणांच्या पोटात जाते. माकडांना खाऊ घातल्याने ती पर्यटकांच्या हातातील पिशव्यांवर झडप घालू लागतात. मात्र पिशवी तपासताना वनकर्मचारी उपस्थित असला पाहिजे, कारण स्वयंसेवकाला तो अधिकार नाही.

वृक्षारोपणाबाबतही सावधगिरी बाळगावी लागते. जंगलात बाहेरची शोभेची किंवा झपाट्याने वाढणारी झाडे लावणे उपकारक नसते. उन्हाळ्यातील वणवे रोखण्यासाठी काढलेल्या जाळरेषा स्वच्छ राहिल्या आणि सीमेवरची माणसे आग दिसताच कळवू लागली, तर पळस, पांगारा, काटेसावर, ऐन ही झाडे आपले बी आपणच रुजवतात.

पाड्यांचे ज्ञान

शहरी स्वयंसेवकाने शिकवायला जावे आणि आदिवासींनी ऐकावे, अशी कल्पना असेल तर ती चुकीची ठरते. वारली समाजात वाघोबाची पूजा पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. दिवाळीच्या सुरुवातीला वाघबारस पाळली जाते. वाघ आणि बिबट्या या दोघांनाही सामावून घेणारे हे दैवत आहे. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी असल्याची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात करण्यात आली. मान दिला तर वाघोबा राखण करतो आणि विसर पडला तर कोपतो, या श्रद्धेत शेजाऱ्यासारखे वागण्याचे एक शहाणपण आहे.

अशा श्रद्धेमुळे हल्ला टळतो असा दावा कोणी करू नये. पण बिबट्या हा बाहेरून घुसलेला उपरा नसून येथलाच रहिवासी आहे, ही जी गोष्ट गृहसंस्थांच्या बैठकांत वारंवार सांगावी लागते, ती पाड्यांवर सांगावी लागत नाही. पाड्यांची मागणी वेगळी असते. त्यांना वीज, शौचालय, पाणी आणि रस्त्यावरचे दिवे हवे असतात.

मर्यादा

स्वयंसेवकांच्या कामाचे मोल मान्य करतानाच त्याच्या मर्यादा स्पष्टपणे नोंदविणे आवश्यक आहे. २०१७ मध्ये आरे व चित्रनगरीच्या भागात पुन्हा हल्ले झाले. २०२१ च्या पावसाळ्यात व त्यानंतर आरे वसाहतीत लागोपाठ अनेक जण जखमी झाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये ऐन दिवाळीत आरेमध्ये सोळा महिन्यांच्या मुलीचा बिबट्याने बळी घेतला. या प्रसंगी वनखात्याला पिंजरे लावून बिबटे पकडावे लागले. सहजीवनाची भाषा आपले मूल गमावलेल्या आईसमोर तोकडी पडते. अशा घरी जाणाऱ्या स्वयंसेवकाने आधी ऐकावे, नुकसानभरपाईच्या अर्जात मदत करावी आणि उपदेश टाळावा, हेच संयुक्तिक.

दुसरी मर्यादा सातत्याची. घटना घडली की उत्साह येतो आणि शांततेच्या काळात तो ओसरतो. सीमेवरील वस्त्यांत भाडेकरू बदलतात, नवी बांधकामे होतात, नवीन माणसे येतात. त्यांना पहिल्यापासून सांगावे लागते.

तिसरी मर्यादा सर्वांत मोठी आहे. घोडबंदर रस्त्यावर आणि महामार्गांवर वाहनांखाली प्राणी मरतात, प्रकल्पांसाठी जंगलालगतची जमीन मागितली जाते, उद्यानाभोवतीच्या संवेदनक्षेत्राची अधिसूचना २०१६ मध्ये निघाली तरी बांधकामाचा दबाव संपत नाही. हे प्रश्न धोरणाचे आहेत. वनरक्षकांची कमतरता स्वयंसेवकांनी भरून काढावी अशी अपेक्षा ठेवणेही गैर आहे. गस्त घालणे हे पगारी, प्रशिक्षित आणि कायद्याचे संरक्षण असलेल्या माणसाचे काम आहे.

अमेरिकेतील पद्धत

स्वयंसेवा आणि शासकीय यंत्रणा यांची सांगड कशी घालावी, याबाबत अमेरिकेचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. तेथील पहिले राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान १९०३ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी फ्लोरिडातील पेलिकन आयलंड येथे घोषित केले. त्याचे पहिले राखणदार पॉल क्रोगेल यांना सुरुवातीला सरकारी वेतन नव्हते, पक्षिप्रेमींची एक संस्था त्यांना महिन्याला एक डॉलर देत असे. आज अशी आश्रयस्थाने साडेपाचशेहून अधिक असून त्यांपैकी अनेकांना 'फ्रेंड्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्थानिक मित्रमंडळांची साथ आहे. १९९८ मध्ये तेथे या स्वयंसेवेसाठी स्वतंत्र कायदा झाला. माहिती केंद्रे चालविणे, वाटा दुरुस्त करणे, पक्षी मोजणे आणि निधी उभारणे ही कामे ही मंडळे करतात. काम लेखी ठरलेले असते, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

स्वयंसेवक होण्यापूर्वी

इच्छुकांनी पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात.

• उद्यान कार्यालयाशी किंवा निसर्ग माहिती केंद्राशी थेट संपर्क साधावा. परस्पर गट काढून जंगलात जाऊ नये.

• आपल्याला किती वेळ देता येईल हे आधीच प्रामाणिकपणे सांगावे. महिन्यातून एक रविवार वर्षभर देणारा माणूस एकाच आठवड्यात रोज येणाऱ्यापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

• काम कोणते, देखरेख कोणाची आणि अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, हे लेखी विचारून घ्यावे.

• मळखाऊ रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे व बूट घालावेत. अत्तर, संगीत, धूम्रपान आणि मोठ्याने बोलणे टाळावे.

• प्राणी, घरटे किंवा दुर्मिळ वनस्पती दिसल्यास तिचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये.

• जखमी किंवा अडकलेला प्राणी दिसल्यास स्वतः हात लावू नये. वनखात्याच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे.

• ज्यांना जंगलात जाणे शक्य नाही त्यांनी आपल्या गृहसंस्थेच्या कचऱ्याकडे लक्ष द्यावे. सीमेलगतच्या वस्तीत ओला कचरा उघड्यावर पडू न देणे हीदेखील उद्यानाची सेवाच आहे.

• उद्यानातील बंदिस्त प्राण्यांचा खर्च उचलण्याची दत्तक योजना आहे. वेळ नसलेल्यांना तो एक मार्ग आहे.

संध्याकाळी उद्यानाचा दरवाजा बंद होतो. पर्यटक घरी जातात, निसर्गफेरी संपते, स्वयंसेवकांची नोंदवही मिटते. त्यानंतरचे काही तास सीमेवरच्या वस्त्यांसाठी सर्वांत जोखमीचे असतात. गल्लीच्या टोकाचा दिवा त्या दिवशी लागला का, कचऱ्याची कुंडी रिकामी झाली का आणि अंगणात खेळणाऱ्या पोराला आईने वेळेवर आत बोलावले का, यावर त्या रात्रीची सुरक्षितता अवलंबून असते. स्वयंसेवकांनी वर्षभर केलेल्या कामाची खरी कसोटी तेथे लागते.